उद्यमबाग आमचं पाणी पितंय का? वडगावच्या एका गल्लीतल्या निवेदनाचा हिशोब

2025 च्या उन्हाळ्यात बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीतून पाण्यासाठी एक निवेदन निघणार होतं आणि त्यातलं तिसरं वाक्य असं होतं: "आमच्या वाट्याचं पाणी कारखाने पितात, देशातल्या इतर शहरांत असं होत नाही." निवेदन लिहिणाऱ्या काकू शाळेतून रिटायर झालेल्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत अर्ज लिहायला हात बसलेला. त्यांचं म्हणणं एवढंच की ऑफिसात कुणी उलटं विचारलं तर उत्तर हाताशी पाहिजे. मी उद्यमबागेत, म्हणजे शहराच्या इंडस्ट्रियल भागात, एका फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) मेंटेनन्सला आहे आणि राहतो गल्लीत, दोन्हीकडचं पाणी रोज बघतो, म्हणून तो कागद माझ्याकडं आला. "बाळ, हे खरं हाय का नाही तेवढं बघून दे," म्हणाल्या.

त्या एका वाक्याच्या तपासणीचं हे सगळं प्रकरण आहे. वेळ पण तशी होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हिडकल धरणाचं पाणी हुबळी-धारवाडच्या इंडस्ट्रियल भागाला न्यायच्या पाईपलाईनवरून आमच्या जिल्ह्यात आंदोलनं झाली होती, मराठी-कन्नड असा काही भेद न धरता लोक एकत्र आले होते, त्यामुळं घर विरुद्ध कारखाना हा विषय चहाच्या टपरीपासून मंडळाच्या मीटिंगपर्यंत सगळीकडं गरम होता.

आधी गल्ली कशी आहे ते सांगतो. तीसेक घरं, त्यातल्या बऱ्याच घरांत खाली माग आणि वर माणसं. माग चालवायला पाणी फार लागत नाही, लागतं ते सूत रंगवायला, आणि गल्लीच्या टोकाला एक मामा घरामागच्या शेडमध्ये तेच काम करतात, कनेक्शन मात्र घरगुतीच. पाणी आलं की दोन-अडीच तास राहतं. वॉल्व्ह सोडणारे अण्णा कोपऱ्यावर सायकल टेकवतात, लांब दांड्याची लोखंडी चावी खड्ड्यात घालून फिरवतात, आणि पाच मिनिटांत सगळ्या गल्लीतल्या मोटरी एकदम सुरू होतात. नळालाच मोटर. खालच्या अंगाच्या घरांचा हौद भरून सिंटेक्स पण भरते, वरच्या अंगाला नळातनं नुसती हवा येते. वरच्या घरातल्या वहिनींचं वाक्य ठरलेलं असतं, "पाणी आलंय खरं, प्रेशरच न्हाई बघा." आणि त्याच पुढं म्हणतात, "कारखान्यात बघा जावा, चोवीस तास पाणी फिरालंय." हे दुसरं वाक्य मला चांगलंच लागलं, कारण ते खरं आहे. आमच्या फौंड्रीत चोवीस तास पाणी फिरतं. का फिरतं ते पुढं सांगतो.

देशाच्या आकड्यांपासून सुरुवात केली. एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेतीची संस्था, तिच्या अ‍ॅक्वास्टॅटमध्ये 2010 सालासाठी भारताचा एकूण पाणी-उपसा 761 अब्ज घनमीटर धरलाय, त्यात शेती 688, नगरपालिका आणि घरगुती 56, उद्योग 17. म्हणजे उद्योगापेक्षा घरं तिपटीनं जास्त पाणी वापरतात असं दिसतं. मग दुसरा कागद बघितला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एकात्मिक जलसंपदा विकास आयोगानं 1999 च्या अहवालात त्याच 2010 सालासाठी जी जास्तीत जास्त गरज धरली होती त्यात घरगुती 43, उद्योग 37 आणि वीजनिर्मिती वेगळी 19. उद्योग आणि वीज मिळवली की 56 होतात, म्हणजे इथं घरं मागं पडली. एकाच देशाचं एकच साल आणि निकाल उलटा! पहिला आकडा उपशाचा अंदाज आहे, दुसरा आधीच मांडलेल्या गरजेचा, हा फरक तर आहेच, पण मोठा फरक वीज कुठं धरली आणि कारखान्याचं पाणी कुठल्या खात्यात टाकलं याचा पडतो. कोळशावरच्या वीज केंद्राला थंडाव्यासाठी नदीच्या नदी लागते, त्यातलं बरंच परत सोडलं जातं, थोडं वाफ होऊन जातं. सगळं उचललेलं पाणी मोजलं तर उद्योग राक्षस दिसतो आणि फक्त संपलेलं मोजलं तर बारीक दिसतो. काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्याला जे पाहिजे ते दाखवता येतंय की." होय, येतंय, आणि दोन्ही बाजूंनी दाखवलं जातंय.

मग शहरांकडं वळलो, कारण वाक्यात "इतर शहरांत" असं होतं.

घरगुती पाण्याचं सरकारी माप सगळ्यांना माहीत आहे, गटार योजना असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर, महानगरात 150, आणि जलजीवन मिशनमध्ये गावाकडं 55. हे व्हायला पाहिजे असं माप आहे. प्रत्यक्ष घरात काय पोचतं हे कुणीतरी दारोदार जाऊन विचारावं लागतं, आणि तसं काम टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या अभ्यासकांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, कानपूर, अहमदाबाद आणि मदुराई या 7 शहरांत केलं होतं. सरासरी आली माणशी 92 लिटरच्या आसपास. कोलकाता सगळ्यात वर, 116 च्या घरात, आणि दिल्ली 78, कानपूर 77. आता दिल्लीचं बघा, शहरात सोडलेल्या पाण्याला लोकसंख्येनं भागलं तर कागदावर माणशी 200 लिटरच्या आसपास येतं, आणि घरात जाऊन विचारलं तर 78. मधलं पाणी गळतीत गेलं, काही भागांत भरपूर गेलं, काही हॉटेल-हॉस्पिटल-ऑफिस-कारखान्यांत गेलं. म्हणून कुठल्या शहराचा "माणशी इतकं पाणी" असा आकडा दिसला की मी पहिल्यांदा विचारतो की तो टाकीपाशी मोजलाय का नळापाशी. टाकीपाशी मोजलेला असेल तर त्यात फुटक्या पाईपची गळती पण घरगुती वापर म्हणूनच धरलेली असते.

उद्योगाच्या बाजूला तर आणखी घोळ आहे. आपल्या शेजारचं कोल्हापूर घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव इथं बेळगावसारख्याच फौंड्र्या, पण एमआयडीसी आपल्या वसाहतींना स्वतःच्या योजनेतून पाणी देते, महापालिकेच्या हिशोबात ते येतच नाही. कुणी महापालिकेचा तक्ता उघडून "कोल्हापुरात उद्योगाला किती थोडं पाणी जातं बघा" म्हणेल तर ते पाणी नदीतूनच उचललेलं असतं, फक्त वही वेगळी. कर्नाटकात केआयएडीबीचं, म्हणजे तिकडच्या औद्योगिक वसाहतींच्या मंडळाचं, पण तसंच. तिकडं जमशेदपूरमध्ये शहराचं पाणी टाटा स्टीलच्याच कंपनीकडून घरात येतं, म्हणजे तिथं घरं आणि कारखाना एकाच धन्याच्या वहीत. तिरुप्पूरची गोष्ट तिसरीच. बनियनचं गाव, रंगाईचे शेकडो कारखाने, तिथं भवानी नदीवरून दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी आणणारी योजना खाजगी भागीदारीतून झाली, कारखान्यांनी जास्त दर द्यायचा आणि त्यावर घरांचं नि खेड्यांचं पाणी स्वस्त ठेवायचं असा तिचा हिशोब होता. म्हणजे तिथं कारखान्यामुळं घरात पाणी आलं. पण त्याच तिरुप्पूरच्या रंगाईनं नोय्यल नदी इतकी नासवली की जानेवारी 2011 मध्ये मद्रास हायकोर्टानं सांडपाणी शून्यावर आणल्याशिवाय रंगाई कारखाने चालवायचे नाहीत असा आदेश दिला आणि सातशेवर युनिटं बंद पडली. पाणी आणून दिलं त्याच धंद्यानं खालच्या गावांच्या विहिरी पण घालवल्या, आता हे घरगुती विरुद्ध औद्योगिक अशा दोन रकान्यांत कसं मांडणार?

एवढं लांब जायला नको, इचलकरंजी आपल्यापासून तासा-दोन तासावर. 2011 च्या जनगणनेला 2.87 लाख लोक, मागांचं गाव, पंचगंगा उशाशी, आणि 2012 मध्ये तिथं काविळीची साथ येऊन माणसं मेली. नदीत पाणी नव्हतं असं नाही, वरच्या शहरांचं मैलापाणी आणि प्रोसेसचं पाणी एकत्र होऊन ते पिण्याजोगं राहिलं नव्हतं. त्यानंतर वारणेवरून आणायचं म्हटलं तर तिकडच्या शेतकऱ्यांचा विरोध, मग दूधगंगेवरून सुळकूड योजना म्हटली तर कागलकडचा आणि नदीकाठाचा विरोध, आणि ती दूधगंगा पुढं आपल्या चिक्कोडी तालुक्यातच येते, त्यामुळं सदलग्याच्या बाजूला पण त्याची चर्चा असते. इचलकरंजीत उद्योगानं किती लिटर घेतलं याच्यापेक्षा किती लिटर नासवलं हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि शहरांच्या तुलनेच्या तक्त्यात तो रकानाच नसतो. मला या सगळ्या तक्त्यांचा खरा राग याच्यासाठी आहे.

आता घरचा हिशोब. माझ्या रोजच्या कामातला भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फौंड्रीत पाणी तीन ठिकाणी जातं. पहिलं फर्नेसला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला. इंडक्शन फर्नेसची कॉईल तांब्याच्या पोकळ नळीची असते आणि तिच्या आतून पाणी फिरत राहावं लागतं. ते थांबलं तर कॉईल जळते, आणि कॉईल फुटून पाणी वितळलेल्या लोखंडाखाली गेलं तर स्फोट होतो, माणसं मरतात. म्हणून लाईट गेली तरी पाणी फिरायला उंचावर इमर्जन्सीची टाकी ठेवलेली असते आणि पंपाचा आवाज बदलला तरी आमचे कान टवकारतात. वहिनींना दिसतं ते चोवीस तास फिरणारं पाणी हेच. पण ते तेच तेच पाणी आहे. आतलं शुद्ध पाणी बंद नळीत फिरतं, त्याची उष्णता बाहेरच्या पाण्याला देतं, बाहेरचं कूलिंग टॉवरवर जाऊन गार होतं, आणि संपतं फक्त तेवढंच जेवढं टॉवरवर वाफ होतं. दुसरं पाणी वाळूला. साच्याच्या वाळूत बेंटोनाईट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि शेकडा तीन-चार टक्के पाणी घालतात. आमचे जुने मोल्डर मीटर बघत नाहीत, मूठभर वाळू दाबून गोळा करतात आणि मधनं मोडतात, कड स्वच्छ तुटली तर पाणी बरोबर, चुरा झाली तर कमी, हाताला चिकटली तर जास्त. ओतकाम झालं की ते पाणी वाफ होऊन जातं. आणि तिसरं पाणी माणसांना, म्हणजे कँटीन, संडास, आणि शिफ्ट सुटल्यावरची अंघोळ. फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा माणूस काजळी आणि वाळूनं काळा होऊन येतो, तो तसाच बसमध्ये बसून घरी जाऊ शकत नाही.

ढोबळ गणित मांडू. समजा दिवसाला 20 टन ओतकाम आणि 200 माणसं. फर्नेसमधली साधारण पाचवा हिस्सा वीज कूलिंगच्या पाण्यात उष्णता होऊन जाते असं धरलं तर टॉवरवर दिवसाला 4,000 लिटरच्या घरात वाफ होते. टनाला पाच टन वाळू आणि तीन टक्के पाणी धरलं तर 3,000 लिटर. आणि माणसांना भारतीय मानकात अंघोळीची सोय असलेल्या कारखान्यासाठी माणशी 45 लिटर धरलंय, ते झालं 9,000. बेरीज 16,000 लिटर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग माणसांच्या अंघोळीचा, संडासचा, जेवणाचा. म्हणजे इंडस्ट्रियल कनेक्शनवरचं अर्ध्याहून जास्त पाणी खरं तर घरगुती आहे, फक्त ते वडगावच्या मोरीत न जाता उद्यमबागेच्या मोरीत गेलं. तीच माणसं घरी अंघोळ केली असती तर तेच पाणी घरगुती रकान्यात पडलं असतं.

आता याच पट्टीनं गल्ली मोजा. पाच माणसांचं घर, माणशी 135, म्हणजे दिवसाला 675 लिटर. तीस घरांचे 20,000 च्या वर. 200 माणसांना काम देणारी अख्खी फौंड्री आमच्या गल्लीपेक्षा कमी पाण्यात चालते, आणि नुसतं उत्पादनाचं 7,000 लिटर बघितलं तर दहा घरांइतकं. आणि गल्लीच्या टोकाचे मामा? एक किलो सूत रंगवून, धुऊन, साबण-मीठ काढून मोकळं करायला 60 ते 100 लिटर धरतात. दिवसाला 50 किलो सूत काढलं तर 3,000 ते 5,000 लिटर, म्हणजे पाच-सात घरांचं पाणी, आणि ते घरगुती कनेक्शन आणि मागच्या बोअरवर. गटारात कधी जांभळं पाणी वाहतं, कधी हिरवं. फौंड्रीची वाफ कुणाची विहीर नासवत नाही, मामांचं पाणी नासवू शकतं. तरी निवेदनात बोट उद्यमबागेकडं, कारण कारखान्याचं गेट मोठं आहे आणि मामा आपल्याच गणपतीला वर्गणी देतात.

हे गल्लीत बोललो तेव्हा एक दादा चिडले. "म्हणजे कारखानदारांची वकिली करालास होय?" तसं नाही. फौंड्री हा मुळात कोरडा धंदा आहे, सगळे उद्योग तसे नाहीत. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर काळं स्पेंटवॉश, म्हणजे घाण सांडपाणी, निघतं, कापडाच्या प्रोसेसला एका किलोमागं शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणून "उद्योगाचं पाणी" असा एक आकडा सांगणं चूक आहे, धंद्यागणिक तो दहापट बदलतो, आणि फौंड्रीचं गाव, रंगाईचं गाव, वीज केंद्राचं गाव अशी शहरं एका ओळीत ठेवून सरासरी काढली तर ती सरासरी कुठल्याच गावाला लागू पडत नाही.

साखर कारखान्यांचं पण बघितलं, कारण आमच्या जिल्ह्यात ते पंचवीसच्या वर आहेत आणि नदीला मळी आली की पहिलं नाव त्यांचंच येतं, ते बरोबरच आहे. पण वापराचं गणित वेगळं निघतं. उसातच सत्तर टक्के पाणी, रस आटवताना तेच वाफ होऊन परत मिळतं, त्यामुळं नीट चालवलेल्या कारखान्याला बाहेरून फार पाणी घ्यावं लागत नाही, आणि 2016 च्या केंद्राच्या नियमानुसार टन उसामागं सगळं मिळून 200 लिटरच्या वर सांडपाणी सोडता येत नाही. पाणी जातं ते शिवारात. उसाला वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी लागतं, पाऊस धरून. एकराला 60 ते 80 लाख लिटर झाले. रायबाग-अथणीकडं पाऊस कमी, म्हणजे त्यातलं बहुतेक कालव्यातनं, नदीतनं, विहिरीतनं. आमची तीस घरांची गल्ली 135 लिटरच्या मापानं वर्षाला 74 लाख लिटर वापरेल आणि ती फौंड्री सुट्ट्या वजा करून 50 लाखाच्या आत. एक गल्ली, एक फौंड्री आणि एक एकर ऊस, तिघं जवळपास एकाच तागडीत. माझ्या मामेभावाचा रायबागला ऊस आहे, त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला ठिबक बसवतो, पण बिल वेळेवर मिळू दे आधी. त्याचं पण चूक नाही.

मग पाणी गल्लीत का येत नाही? इथं मला जो आकडा मिळाला तो अजून डोक्यातून जात नाही. बेळगाव शहराची 2011 ची लोकसंख्या 4.88 लाख. माणशी 135 लिटर दिले तर दिवसाला 66 दशलक्ष लिटर, म्हणजे 66 एमएलडी, आणि वर्षाला ते होतं 0.85 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). एक टीएमसी पण नाही! हिडकलची साठवण क्षमता 51 टीएमसी. राकसकोप जलाशयाचं पाणी वेगळंच. आता लोकसंख्या वाढली, गळती धरली, दुप्पट करा, तरी दोन टीएमसीच्या आत. धरण भरलेलं असताना पण वरच्या घरात हवाच येते, तेव्हा उद्यमबागेनं पाणी पिऊन टाकलं म्हणून ती हवा येत नाही. ती येते कारण पाईप जुना, लाईन दोन-अडीच तासांपुरती भरते, खालच्या मोटरी सगळं ओढतात, आणि कुठल्या वॉर्डात किती सोडलं हे कळायला टाकीच्या खाली मीटर लागतो. याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. 2008 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं हुबळी, धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, नवीन पाईप आणि घरोघरी मीटर. तिथं नळाला मोटर लावायचं कारणच उरत नाही, कारण लाईनमध्ये प्रेशर कायम असतं. धरणं तीच, नद्या त्याच.

घरं नुसती पाणी घेत नाहीत, परत पण देतात, आणि वकिली करायची झाली तर मी याची करेन. घरातल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग गटारात जातो असं गटार योजनांच्या आखणीत धरतात. बेळगावचे ते झाले दिवसाला 50 एमएलडीच्या वर. आमच्या बाजूचं बळ्ळारी नाल्याला जातं आणि पावसाळ्यात वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात घुसतं, भाताची शेतं त्यात सडतात, हे दरवर्षीचं आहे. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाच्या जमिनीवरून शेतकऱ्यांनी किती वर्षं भांडण केलं हे पण सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडं बघा, सुरतेनं 2014 मध्ये मैलापाणी शुद्ध करून दिवसाला 40 एमएलडी पांडेसराच्या कारखान्यांना द्यायला सुरुवात केली. नागपूरचं 130 एमएलडी कोराडीच्या वीज केंद्राला. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथं 45-45 एमएलडीचे प्रकल्प, कारखान्यांसाठी. "इतर शहरांत असं होत नाही" हे वाक्य इथं खरं ठरतं, पण वेगळ्या अर्थानं. तिथं कारखान्याला घराचं वापरलेलं पाणी विकलं जातं, त्यामुळं नदीचं पाणी घरांना उरतं.

आणि हुबळी-धारवाडचं पण हेच. 2011 ला 9.43 लाख लोक, त्याच मापानं त्यांचं सांडपाणी दिवसाला 100 एमएलडीच्या आसपास, वर्षाला 1.3 टीएमसी. तिकडच्या कारखान्यांना पाणी पाहिजे यात काही वावगं नाही, तिकडची पोरं पण तिथं कामाला आहेत. पण हिडकलपासून पाईप टाकायच्या आधी त्यांच्याच गटारातलं पाणी शुद्ध करून त्यांच्याच इंडस्ट्रियल एरियात का नेत नाही, हा प्रश्न आंदोलनात मोठ्यानं विचारायला पाहिजे होता असं माझं ठाम मत आहे. कूलिंग टॉवरला शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं, खारटपणा आणि कडकपणा तेवढा सांभाळायचा. मी स्वतः त्या कामात आहे म्हणून सांगतो. कर्नाटक सरकारचं शहरी सांडपाणी पुनर्वापराचं धोरण 2017 पासून आहे, म्हणजे कागद तयार आहे.

विहिरींचं राहिलंच. बेळगावात जुन्या विहिरी खूप, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली, गांधीजी अध्यक्ष होते तेव्हाची. शिवाय घरोघरी, कारखान्या-कारखान्यात बोअर, आणि टँकर. नळाच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं. आमच्या गल्लीत नळ कोरडा असताना पण माणसं राहतातच, म्हणजे पाणी कुठून तरी येतंच, आणि तेच सगळ्यात महाग असतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मागकामगाराला बोअर नाही, टँकर परवडत नाही, तो पहाटे दुसऱ्याच्या विहिरीवर जातो. सरासरीत हा माणूस दिसत नाही, आणि निवेदन खरं तर त्याच्यासाठी पाहिजे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी "परत सांग" म्हणाल्या, आणि तिसरं वाक्य खोडलं. त्या जागी आता असं आहे: आमच्या भागाच्या टाकीखाली मीटर बसवा आणि रोज किती पाणी सोडलं ते टाकीवरच्या फळ्यावर लिहा, वॉल्व्ह सोडायचा दिवस आणि वेळ आधी सांगा, वरच्या अंगाला वेगळी लाईन द्या. शेवटी आणखी एक मागणी मी घालायला लावली, की शुद्ध केलेलं सांडपाणी उद्यमबागेला कूलिंगसाठी द्यायचा दर ठरवा आणि त्याच्या बदल्यात वाचलेलं पाणी कुठल्या वॉर्डाला दिलं ते जाहीर करा. चिडलेल्या दादांनी पण त्यावर सही केली.

मामांच्या रंगाईवर मात्र एकमत झालं नाही. धंद्याचं कनेक्शन वेगळं करा, रंगीत पाणी गटारात सोडू नका, असं लिहायचं का? वरच्या वहिनी म्हणाल्या लिहा. मागवाले म्हणाले दर वाढला तर सूत महाग, सूत महाग झालं तर माग बंद. मामा स्वतः मीटिंगला आले होते, म्हणाले, "मीटर बसवा, माझं काय म्हणणं नाही, पण पाणी कुठं सोडू ते पण सांगा." सगळ्या रंगाईवाल्यांनी मिळून रंगीत पाणी शुद्ध करायचा एक छोटा प्लांट टाकायची गोष्ट निघाली, जागा कुणाची यावर अडली. ते कलम अजून पेन्सिलनं लिहिलेलं आहे, बाकी कागदावर सह्या झाल्यात.